इंजिनच्या दंडावरची लाल पट्टी

दचकू नका. बोलतेय ती मीच, कॅप्टनच्या दंडावरची लाल पट्टी. दचकायचं तर मी दचकले होते, आणि खरं सांगायचं तर अजून पुरती सावरलेली नाही.

माझा जन्म काही थोरामोठ्यांच्या घरचा नाही. शाळेच्या सभागृहातला लाल पडदा खिळ्याला अडकून फाटला, आणि खेळाच्या बाईंनी त्याच्या एका तुकड्याची पट्टी शिंप्याकडून शिवून घेतली. आत इलॅस्टिक, वर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेला 'क'. माझ्या बाकीच्या बहिणींची पायपुसणी झाली. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

मुलींच्या फुटबॉल संघाच्या पाच कॅप्टन मी पाहिल्या. दंडावर बसलं की माणूस आतून कळतो. एक जण सामन्याआधी थंडगार पडायची. एक हरल्यावर मलाच चावायची, तिच्या दातांच्या खुणा अजून माझ्या कडेला आहेत. पण सहावी, नववीतली इंजिन, म्हणजे वेगळंच प्रकरण. आपण दमेपर्यंत नाही, समोरच्या दमेपर्यंत पळायची, म्हणून ते नाव. पेनल्टी मारायला उभी राहिली तरी तिची नाडी दुपारी झोपलेल्या मांजरासारखी. मला वाटायचं, या पोरीला भीती ठाऊकच नाही.

संघाची एक रीत होती. सामन्याची नोटीस ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लागायची. कॅप्टननं मला दंडावर चढवून तिथं जायचं, नोटीस वाचायची आणि सगळ्यांना सांगायचं. इंजिन जायची ती गोलकीपरला ओढत. गोलकीपर म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, भिंत.

"भिंत, वाच गं. माझ्या डोळ्यात धूळ गेलीय."

"कालपण गेली होती."

"आजची वेगळी आहे."

"राणीसाहेब, वाचून दाखवायचा पगार मिळत नाही मला!" असं म्हणत भिंत खड्या आवाजात सगळं वाचायची. कधी इंजिनचे हात चिखलाचे असायचे, कधी भिंतीचा आवाज फार गोड असायचा. मी मनात म्हणायचे, कॅप्टन झाली की थोडा तोरा यायचाच.

मग उपांत्य सामना ठरला. संघ पहिल्यांदाच इतका पुढे आला होता. आणि नेमकी भिंत तापानं आडवी झाली. शुक्रवारी मधल्या सुट्टीत नोटीस लागली. इंजिन एकटीच बोर्डासमोर गेली.

मला काही कळेचना. दंड थरथरत होता. घाम माझ्या इलॅस्टिकमध्ये मुरत होता. नाडी अशी उडत होती, जशी मी पाचही कॅप्टनच्या दंडावर कधी अनुभवली नव्हती. आणि समोर कोण? ना कुणी आडदांड खेळाडू, ना भरलेलं मैदान. एक पांढरा कागद, चार ओळींचा! तिचे ओठ हलले, अडले, पुन्हा पहिल्या अक्षरावर आले. मागे बोर्डावरच्या दुसऱ्या नोटिसा बघायला इतर मुलींचा घोळका जमला.

"झालं का गं? सरक की!"

झाल्यासारखी मान हलवून ती बाजूला झाली. मैदानावर सगळ्यांनी घेरलं. किती वाजता, किती वाजता?

"नेहमीसारखंच. तीनला," इंजिन म्हणाली.

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिच्या घरचा फोन वाजला. मी खुर्चीच्या पाठीवर वाळत होते, तरी बाईंचा आवाज मला ऐकू आला. "अगं, आहात कुठे? समोरची टीम मैदानात उभी आहे!"

पुढच्या अर्ध्या तासात मला दंडावर चढवून ती कशी पळाली ते मीच जाणे. जिना, गल्ली, हिच्या दारावर थाप, तिला हाक. एक जण न्हाऊन ओल्या केसांनी आली. तापातली भिंत शाल गुंडाळून आली. मैदानात पोचल्या त्या सहा जणी. नियमाप्रमाणे निदान सात हव्यात. पंचांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली आणि सामना दुसऱ्या संघाला दिला. एका मुलीसाठी!

सोमवारी वर्गात संघ जमला.

"दहा मिनिटं उभी होतीस बोर्डासमोर. आरती ओवाळत होतीस का?" उजव्या बाजूला खेळणारी मुलगी कडाडली.

"वेळ विसरले," इंजिन म्हणाली.

बाईंनी हात पुढे केला. "पट्टी."

इंजिननं मला उतरवलं. आणि इथं मला दुसरा धक्का बसला. तिची नाडी संथ झाली होती. सुटल्यासारखी! निष्काळजी म्हणा, घमेंडी म्हणा, तिला सगळं चालणार होतं. फक्त ते एक कळायला नको होतं.

"आणि ही भिंत!" ती मुलगी थांबेना. "घरी लोळत होती. एक फोन करून विचारायचं तरी. नोटिशीचं सगळं हीच बघते ना?"

भिंतीनं मान खाली घातली. "हो. चुकलं माझं."

"तिचं काही चुकलं नाही," इंजिन म्हणाली. मग इतक्या हळू, की पुढच्यांनाच ऐकू गेलं, "मला वाचता येत नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "नववीत?"

"म्हणजे येतं. पण अक्षरं एका जागी थांबत नाहीत. मागे कुणी उभं असलं तर मुळीच नाही. मी ऐकून ऐकून पाठ करते, तशीच पास होते."

मी बाईंच्या मुठीत होते. "तीन वर्षं," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "रोज बघतेय मी हिला. रोज!" मग त्यांनी पर्समधून घडी घातलेली ती नोटीस काढली. "वाच. आम्हाला घाई नाही."

इंजिननं ओळीखाली बोट ठेवलं. किती वेळ गेला कोण जाणे. घंटा झाली, कुणी उठलं नाही. एकेक अक्षर ओढून काढत ती चौथ्या ओळीवर आली. "स... सका... सकाळी... नऊ." तिथं तिचा आवाज फुटला. हसलेली मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

आता मी भिंतीच्या दंडावर असते. "नको नको" म्हणत तिनं मला घेतलं. सराव संपला की बाई इंजिनला पायरीवर बसवून गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान वाचायला लावतात. फक्त एक. इंजिननं एकच गोष्ट मागून घेतली, नोटीस वाचायचं काम. दर शुक्रवारी ती बोर्डासमोर मोठ्यानं वाचते, आणि तिचा दंड अजून थरथरत असणार, कारण कान लाल होतात.

"आई गं, शाळा सुटेल आता," मागून कुणी कुरकुरतं.

"सुटू दे. तिसरी ओळ चाललीय," इंजिन वळूनही न बघता म्हणते.

माझं इलॅस्टिक सैल झालंय. सेफ्टी पिनवर निभावतेय. लवकरच मीही बहिणींसारखी कुणाच्या तरी पायाखाली जाईन, त्याचं दुःख नाही. जाण्याआधी एवढंच सांगते. तुमच्याजवळच्या कुणाच्या डोळ्यात पुन्हा पुन्हा धूळ जात असेल, तर थट्टा करून पुढे जाऊ नका, जरा त्याच्याकडे बघा. रोज रोज डोळ्यात धूळ जात नसते.