टिलरवरची पाच नावं

मी पॉवर टिलर बोलतोय. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलणी करणारं दोन चाकांचं यंत्र. करणारं म्हटलं खरं, पण आजवर माझ्या पात्यांना चिखलाचा ठिपकासुद्धा लागलेला नाही. हे सांगतानाच मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला मिरवत होतो. कुहीकडच्या रस्त्यावर ओमप्रकाश सेठचं दुकान आहे, तिथे उतरलो. सरकारी अनुदानातून गरिबाघरी जाणार हे ऐकून मला कोण आनंद झाला!

माझी पहिली मालकीण कौशल्याबाई. तिचा नवरा कवडू कमरेनं अधू, म्हणून दीड एकर धान ती एकटीच करते. गावातला ट्रॅक्टरवाला आधी मोठ्यांच्या बांध्या करायचा. हिची पाळी येईपर्यंत हिचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून पिवळी पडायची. म्हणून तिने तीन बकऱ्या विकून आपला हिस्सा सेठकडे भरला.

गेल्या उन्हाळ्यात मला तिच्या अंगणात उभं केलं. लहानू पेंटरने माझ्या पत्र्यावर योजनेचं आणि तिचं नाव लिहिलं. तिने हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि दृष्ट लागू नये म्हणून आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी माझ्या हँडलखाली बांधली. तपासणीचे साहेब आले, लांबूनच फोटो काढून गेले.

"फाइल पास होऊ द्या काकू, तोवर मशीन दुकानात राहू द्या," ओमप्रकाश म्हणाला.

"रोवण्याच्या आधी आणून देजो गा. मले दुसरं काही नाही पाहिजे."

अनुदान तिच्या खात्यात आलं. मशीनची उरलेली किंमत म्हणून तेही सेठने नेलं. मी मात्र परत गेलोच नाही.

लहानूने तिच्या नावावर लाल रंगाचा हात मारला आणि दुसरं नाव लिहिलं. नंबराची पट्टीसुद्धा नवी आली. मग दुसरं गाव, दुसरं अंगण, पुन्हा नारळ. अशी चार अंगणं झाली. दर वेळी नवरदेवासारखा सजलो आणि दर वेळी पळून आलो.

पावसाळाभर कौशल्याबाई दुकानात खेटे घालत होती. "रिपेअरिंगले गेली," असं तिला सांगायचे, आणि मी चार हातांवर ताडपत्रीखाली उभा. तिने दुसरा अर्ज करायचं ठरवलं, तर सेवा केंद्रात सांगितलं, तुमच्या नावावर मशीन दिलेली आहे, आता अर्ज चालत नाही. हे सेठला सांगायला ती परत दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

आज मी सरिताच्या अंगणात आहे. ही कौशल्याबाईच्या बहिणीची सून. मशीनची पूजा म्हणून तिने मावशीला मुद्दाम बोलावलं. कौशल्याबाई कुंकू लावायला वाकली आणि तिचा हात हँडलखाली थांबला.

"सरिता, नारळ ठेव वं खाली. हा माह्या लुगड्याचा काठ हाय."

ओमप्रकाश हसला. "अशा चिंध्या लय भेटतात, काकू."

ती त्याच्याकडे वळलीही नाही. "लहानू, माह्यं नाव तूच लिवलं होतं ना गा? काहून चूप बसून राहिला?"

लहानूने ब्रश खाली ठेवला. पत्र्याची पट्टी घेतली आणि मान वर न करता माझं अंग खरवडू लागला. सरिताचं नाव अर्धं निघालं, अर्धं राहिलं. मग एकेक करून मधली तीनही अर्धवट उघडी पडली. सगळ्यात खाली निघालं, कौशल्या कवडू.

ओमप्रकाश टेम्पोवाल्याला हाका मारतोय, पण सरिता आणि शेजारच्या बाया माझ्या चाकापुढे बसल्या आहेत. साहेबांची गाडी वळणावर दिसतेय.

साहेब, या खेपेला फोटो जवळून काढा. ही पाचही नावं त्यात येऊ द्या, माझी लाज राखू नका. मग मला थेट कौशल्याबाईच्या बांधीत उतरवा. तिचे पऱ्हे यंदा अजून हिरवे आहेत.