पडद्याबाहेरचा हात

"पट्टा आवळते हं," म्हणत मी पडद्यातून बाहेर आलेला हात धरला आणि तिथंच थबकले. हात गरम होता.

घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेणं हे माझं काम. गल्लोगल्ली मला सुईबाई म्हणतात. या घरी मी नऊ वर्षं दर महिन्याला येते. घरात आई आणि दोन मुलगे; त्यातला थोरला कायमचा आजारी. रक्त बघितलं की त्याला भोवळ यायची, म्हणून तो पडद्याआड पलंगावर पडून फक्त हात बाहेर काढायचा. चेहऱ्यापेक्षा मला त्याचा हातच जास्त ओळखीचा. गार, हाडकुळा, आणि कोपरातली शीर टोचून टोचून सुतळीसारखी कडक झालेली. सुई लागायच्या आत आतून ठरलेलं वाक्य येणारच, "बाई, तुमच्यापेक्षा जळू मायाळू!"

आज आतून चकार शब्द नाही. शीर तर बोटाखाली टपोरी, लवचीक. कोपरात एकही डाग नाही.

आमच्या कामातला एक नियम मी कधी मोडला नाही. माणसानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं, तेच नळीवर लिहायचं. "नाव सांगा," मी म्हटलं. आतून थोरल्याचं नाव आलं. आवाज धाकट्याचा.

मी पडदा बोटभर सरकवला. धाकटा भाऊ थोरल्याच्या पलंगावर, थोरल्याचीच शाल पांघरून बसला होता. डोळे सुजलेले.

"आठ दिवस झाले. दादाला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, तिथंच गेला," तो कुजबुजला. "आईला सांगितलंय, घरी आणलाय म्हणून. तिची तब्येत तोळामासा. घ्या ना रक्त, ती ऐकतेय."

आई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. दृष्टी कधीच गेलेली. घरातलं सगळं तिला कानांनी कळायचं. भरलेली नळी ती दर वेळी क्षणभर मुठीत धरायची, "ऊब आहे" म्हणायची आणि परत द्यायची. रिकामी नळी चालणार नव्हती.

गेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत रक्त! तरी स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई घातली. जांभळ्या झाकणाची नळी भराभर भरली. थोरल्याचं रक्त कधी असं धावलं नव्हतं. पट्टा सोडला, बोळा दाबून धरायला सांगितला. नळीवरची नावाची पट्टी मात्र कोरीच ठेवली. तेवढं खोटं माझ्याच्यानं लिहवेना.

"आण गं इकडे," आईनं हात पुढे केला.

मी नळी दिली. तिनं मूठ मिटली. मग माझं मनगट धरून मला खाली ओढलं आणि कानाशी पुटपुटली, "धाकट्याला फार दुखलं नाही ना?"

मी वळून पडद्याकडे बघितलं.

"नऊ वर्षं थोरल्याचा खोकला ऐकत झोपले मी. तो थांबला, हे आईला कळत नाही होय? पण याला बोलू नकोस. मला सांभाळायचंय म्हणून तरी उठतोय, दोन घास खातोय. नाहीतर हाही अंथरूण धरेल."

"आई, झालं गं," पडद्याआडून धाकट्यानं ओढूनताणून थोरल्याचा आवाज काढला.

"झालं ना बाळा? पड आता जरा," ती मोठ्यानं म्हणाली.

नळी तिनं परत दिली नाही. मीही मागितली नाही. हातमोजे उतरवले, डबा बंद केला आणि "पुढच्या महिन्यात येते हं" असं दोघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.