निळ्या कोटातली वही

नारिनच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा एसेनकुल अंगणात गवताची गंजी रचत होता. उलजान गेली, एवढंच डॉक्टर म्हणाला. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, तेव्हा एसेनकुलने बायकोला शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवलं होतं. आभाळ भरलं होतं, गवत भिजेल म्हणून तो मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. मयताला जिने अंघोळ घातली तिला मयताचे कपडे द्यायचे असतात. एसेनकुलने खुंटीवरचा निळा जाड कोट स्वतःच्या हाताने म्हाताऱ्या कालबुबूला दिला.

नवव्या दिवशी बिश्केकहून नुरझात आली. उलजान गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एकोणीस वर्षं दर सप्टेंबरला ती पोरांना घेऊन हिमनदीवर जायची आणि रोवलेल्या काठ्या बर्फातून किती उघड्या पडल्या ते मोजायची. त्या पोरांतलीच एक नुरझात. ती सगळी उलजानला एजे, म्हणजे ताई, आणि एसेनकुलला जेझदे, म्हणजे भावजी, म्हणायची. त्याच आकड्यांवर तिने संशोधन केलं होतं, आणि तरुण शास्त्रज्ञांच्या पारितोषिकासाठी तिचं नाव पुढे आलं होतं. समितीला मूळ आकडे बघायचे होते. आधीच्या वर्षांची नक्कल तिच्याकडे होती, शेवटची तीन वर्षं मात्र फक्त उलजानच्या वहीत होती.

"जेझदे, एजे वही कुठे ठेवायच्या?"

"कोटात," एसेनकुल म्हणाला. खुंटी रिकामी होती.

दिलेलं परत मागू नये, हे त्याला कळत होतं. तरी तो कालबुबूकडे गेला. कालबुबूने आधी चहा दिला, मग ती बोलली.

"मयताचं कापड धुतल्याशिवाय अंगावर घेतात होय? टाकला कढत पाण्यात. खिसे तू बघायचेस. बावीस वर्षं संसार केलास, आणि बायकोच्या कोटात काय असतं ते ठाऊक नाही?"

वही तिने चुलीजवळ वाळवून ठेवली होती. पानं चिकटली होती, शाई सगळीकडे पसरली होती.

वही घरी आणल्यावर नुरझातने एकेक पान सोडवून पाहिलं. एसेनकुल म्हणाला, काही आठवत असेल तर अंदाजाने भर, कुणाला कळतंय.

"एजेंना कळलं असतं. नक्कल करून घे म्हणून त्या तीन वर्षं माझ्या मागे लागल्या होत्या. चूक माझी आहे, जेझदे."

तिने तिथूनच समितीला फोन करून आपलं नाव मागे घेतलं. दुपारच्या गाडीने ती गेली.

सप्टेंबर सरला. शाळेत विज्ञानाला अजून कुणी शिक्षक आलेला नाही. यंदा हिमनदीवरच्या काठ्या मोजायच्या राहिल्या आहेत.