चौदा नंबरचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना सोंड्या आहे. हे काही माझं खरं नाव नव्हे. खरं नाव माझ्या पोटावर छापलेलं होतं, ते पुसून पुसून गेलं. झोपेत ज्यांचा गळा मिटतो आणि श्वास अडतो, त्यांच्या नाकातोंडात हवा फुंकत राहायचं आणि वाट उघडी ठेवायची, हे माझं काम. माझ्या अंगातून एक लांब नळी निघते आणि झोपणाऱ्याच्या तोंडावरच्या मास्कला जाऊन मिळते. त्या नळीवरून मला हे नाव पडलं. ते कोणी ठेवलं हे पुढे सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात छोटासा पंखा बसवला, माझा दम तपासला आणि पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. तिथून मी आलो तो एका चष्म्याच्या दुकानात. पुढे काउंटर, मागे काचा घासायची खोली, आणि त्या खोलीत एक आरामखुर्ची. दुकान थोरल्या चष्मेवाल्यांचं. दुपारी जेवण झालं की ते त्या खुर्चीत दोन तास झोपायचे. रात्रीसाठी मला पिशवीत घालून घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा दुकानात आणायचे.

दवाखान्यातल्या ताईंनी त्यांची झोप तपासून मला चौदा नंबर लावून दिला. म्हणजे हवेचा जोर चौदा. ताई म्हणाल्या, "तुमच्या चष्म्यासारखंच आहे, काका. ज्याचा नंबर त्याला."

सुरुवातीला आमचं काही जमेना. मास्कचे पट्टे आवळले की गालावर वळ उठायचे, सैल सोडले की हवा डोळ्यांत जायची. "हा तोंडावर बसलाय की मानगुटीवर?" असं थोरले वैतागून म्हणायचे. पण महिनाभरात आम्ही एकमेकांना सरावलो. काचा घासताना त्यांना डुलक्या येईनाशा झाल्या. त्यांची बायको काउंटर सांभाळायची. ती रोज ओल्या फडक्यानं मला पुसायची आणि म्हणायची, "तुमचं घोरणं थांबलं, आता मलाच झोप येत नाही." माझा ऊर भरून यायचा. खोटं कशाला बोलू, थोडा चढूनही गेलो होतो मी.

मोजणं ही माझी खोड. किती श्वास आले, किती वेळा थांबले, किती सेकंद थांबले, सगळं मोजून ठेवायचं. ही खोड मला किती महागात पडणार होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

थोरल्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी होता. सणकी माणूस, पण जिभेवर विनोद नाचायचा. एकदा आला आणि मला पाहून हसत सुटला. "दादा, हत्ती झालास की रे! या सोंड्याला केळी चारतोस का?" सगळे हसले. थोरलेही हसले. पण मी त्यांच्या मांडीवर होतो आणि त्यांचा हात माझ्यावरून हळूच मागे गेला, तो मला कळला.

पुढच्या वेळी भाऊ यायचा होता, तेव्हा थोरल्यांनी मला पिशवीत घातलं आणि पिशवी कपाटात. "दोन तासांचा तर प्रश्न आहे," असं स्वतःशीच म्हणाले आणि खुर्चीत आडवे झाले.

मी अंधारात ऐकत होतो. घोरणं सुरू झालं. मग थांबलं. मग दचकून पुन्हा सुरू झालं. असं बऱ्याचदा झालं. आणि मग एकदा थांबलं ते थांबलंच. मी मोजू लागलो. दहा. वीस. बाहेर काउंटरवर धाकटे म्हणाले, "चला, थांबला एकदाचा दादाचा कारखाना!"

"झोपू दे त्यांना. हळू बोला," थोरल्यांची बायको, म्हणजे धाकट्यांच्या वहिनी, म्हणाल्या आणि त्यांनी आवाज होऊ न देता मधलं दार ओढून घेतलं.

चाळीस. साठ. त्यापुढे मी मोजलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. चहाची वेळ होऊन ते दार उघडेपर्यंत मी मोजत होतो.

तीन वर्षं मी कपाटात पडून होतो. बंद यंत्राला स्वप्नं पडत नाहीत म्हणे. मला तो आकडा पडायचा.

थोरल्यांच्या मागे धाकट्यांनी इथे येऊन दुकान हाती घेतलं. वहिनी काउंटरवर बसतच होत्या. धाकट्यांची मान आणि गळा भावासारखाच होता, आणि रोगही तोच निघाला. काच घासता घासता डोळा लागून एकदा बोट कापलं, तेव्हा वहिनींनी त्यांना दवाखान्यात धाडलं. ताईंनी तपासून नंबर काढला, आठ. नाकापुरता नवा मास्क दिला. म्हणाल्या, "घरात जुनं यंत्र असेल तर घेऊन या. मी तपासून आठ लावून देते. तसंच वापरू नका."

धाकट्यांनी मला नेलंच नाही. एका दुपारी कपाट उघडलं, नवी नळी आणि हवेची नवी गाळणी बसवली, नवा मास्क जोडला आणि बटण दाबलं. माझ्या तोंडावर आकडा उजळला, चौदा. ते त्याकडे बराच वेळ बघत राहिले. "असू दे," ते म्हणाले. बाहेर जाऊन वहिनींना सांगितलं, "आठ लावून आणला."

मी हुकमाचा ताबेदार. चौदा म्हटलं की चौदा. तो जोर त्यांना सोसेना. मास्कच्या कडा फडफडायच्या, तोंड आपोआप उघडायचं, पोटात हवा जाऊन नगारा व्हायचा. उठायचे ते लाल डोळ्यांनी. "दादानं सोसलं, मलाही सोसलंच पाहिजे," असं माझ्यावर हात ठेवून पुटपुटायचे. कधी झोपेतच म्हणायचे, "दादा, पुरे आता." मला भीती वाटायची. कारण फुंकणारा मी होतो, आणि तरी तो श्वास माझा नव्हता.

आणि रोज दुपारी दाराबाहेर वहिनी येऊन उभ्या राहायच्या. किती वर्षं त्यांनी माझा आवाज ऐकला होता! हा आठचा नव्हे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण त्या काही बोलल्या नाहीत. डोळे मिटून नुसत्या ऐकायच्या. दारापलीकडे एकजण शिक्षा भोगत होता, अलीकडे एकजण आठवण जपत होती, आणि मधे मी गेलेल्या माणसाचा श्वास फुंकत होतो.

मग ती दुपार आली. झोपेत धाकट्यांनी मास्क ओढून काढला. तो खुर्चीखाली पडला आणि मी रिकाम्या फरशीवर फुंकत राहिलो. घोरणं सुरू झालं. थांबलं. दहा. वीस. मला वाटलं, पुन्हा तेच.

बाहेर स्टूल कोसळल्याचा आवाज झाला. दार भिंतीवर आपटलं.

"भाऊजी! उठा! अहो, उठा म्हणते ना!"

वहिनींनी खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं. धाकट्यांच्या घशातून मोठा आवाज निघाला आणि श्वास आत गेला. ते घामानं भिजले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो होतो."

"आणि दार मी लावलं होतं." वहिनी फरशीवरच बसल्या. "हा चौदाचा आवाज आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, भाऊजी. तुम्ही खोटं बोललात आणि मी ते चालवून घेतलं. मला वाटायचं, हेच आत झोपलेत."

धाकट्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

"गेलेल्या नवऱ्याचा चष्मा घालून बायका येतात ना आपल्याकडे," वहिनी म्हणाल्या, "त्यांना तुम्ही काय सांगता?"

"फ्रेम ठेवा. काच बदला."

"मग?"

दुसऱ्याच दिवशी दोघं मला दवाखान्यात घेऊन गेले. ताईंनी आधी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. मग मला आतून बाहेरून तपासलं आणि विचारलं, "जुना नंबर पुसू ना?" वहिनी म्हणाल्या, "एकदा ऐकू द्या." मी चौदानं फुंकलं, मिनिटभर. आयुष्यात इतकं मन लावून मी कधी फुंकलं नव्हतं. वहिनींनी डोळे पुसले. "पुसा," त्या म्हणाल्या.

आठशी जुळवून घ्यायला धाकट्यांना तीन आठवडे लागले. नाकावर वळ उठले, पट्टे कितीदा तरी सैल-घट्ट झाले. पण आता ते झोपतात. माझा आवाज मऊ झाला आहे. पहिल्या दिवशी वहिनी दाराशी आल्या, ऐकलं आणि मागे फिरल्या. मग परत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि हा नवा आवाज ओळखीचा करून घेतला. त्या आजही येतात. मधलं दार आता कोणी लावत नाही.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. घरात कोणी घोरत असेल तर खुशाल हसा. माझ्यासारख्या सोंड्यालाही हसा, मला सवय आहे. पण ते घोरणं मधेच थांबलं, तर हसू आवरा आणि उठून बघून या. त्या दुपारी मी कपाटात होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मला पाय नव्हते. तुम्हाला आहेत.