चोवीसवर थांबणारा काटा

गोमाजींनी बाकावर चढवलेल्या व्हॉल्व्हचा दाब दाखवणारा काटा चोवीस किलोवर दहा मिनिटे स्थिर राही. तोच व्हॉल्व्ह, त्याच बाकावर, तेजरामने चढवला की दहा मिनिटांत काटा एकविसावर येई. आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पाण्याचा एक थेंबही पडलेला नसे.

साल १९८४, महिना फेब्रुवारी. शहापूरजवळ हमरस्त्याला लागून टेकचंदजींचा व्हॉल्व्हचा छोटा कारखाना होता, आणि त्यातला चाचणीचा बाक वच्छलाने आखलेला होता. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन ती तपासणीच्या कामावर लागली, तेव्हा व्हॉल्व्ह हवेने तपासले जात. आत दाबाची हवा भरायची, वरून साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे. एके दिवशी एक झाकण सुटले आणि छताच्या पत्र्यातून आरपार गेले. माणसे वाचली. पत्र्याचे ते भोक पाहुण्यांना दाखवण्याचे काम तेजराम आवडीने करी.

दाबलेली हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. पाणी मात्र जवळजवळ दबतच नाही, म्हणून झाकण सुटले तरी पाणी जागच्या जागी सांडते. हे टेकचंदजींना पटवायला वच्छलाला दोन महिने लागले. मग पाण्याचा बाक उभा राहिला. व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडाला बंद तबकडी बसवायची, वरच्या तोंडातून पाणी भरायचे, त्यावर पंपाच्या नळीचे झाकण आवळायचे. भोवती लोखंडी जाळी. हातपंप सहा फूट दूर, विटांच्या आडभिंतीमागे.

आता खरेदीदाराचा तपासनीस गुरुवारी यायचा होता. त्याची अट एकच होती: तीन वेगवेगळ्या माणसांनी तपासले तरी निकाल सारखा आला पाहिजे.

"नाही जमलं तर बाक मोडू अन् हवेची नळी परत जोडू," टेकचंदजींनी सोमवारी सांगितले. "ऑर्डर तर सोडता येत नाही न, बाई."

वच्छलाने दाबमापक बदलला. पंपाचे वायसर बदलले. व्हॉल्व्ह बदलून पाहिले. काटा ज्या त्या माणसाशी इमान राखून राहिला.

"हातगुण आहे जी," तेजराम म्हणाला. "गोमाजीनं तीस वर्षं पितळेच्या घागरी ठोकल्या. भांडं त्याईले ओळखते."

"मग तुले काहून नाही ओळखत?" वच्छलाने विचारले.

"मी आत्ताच तर आलो. चारच वर्षं झाली."

मंगळवारी तेजराम गोमाजींसारखे डोक्याला उपरणे बांधून, चपला काढून पंपापाशी उभा राहिला. काटा एकविसावर आला. गोमाजी तंबाखू मळत पाहत होते.

"उपरणं बांधून कारागीर होते का रे? मंग आमची म्हैसबी घागरी ठोकन."

दुपारी टेकचंदजींना आठवले की बाकासमोर नारळ फोडायचा राहून गेला आहे.

"फोडा न जी," वच्छला म्हणाली. "पण फोडायच्या आधी तीन वाचनं घेऊ, अन् फोडल्यावर तीन."

पंपावर तेजराम होता. आधी एकवीस आली, नंतरही एकवीस. खोबरे सर्वांनी खाल्ले. त्याबाबत मतभेद झाला नाही.

त्या संध्याकाळी वच्छलाला जाणवले की आपण दोन दिवस काट्याकडेच पाहत बसलो. काटा चोवीसपर्यंत चढतो कसा, हे कोणी पाहिलेच नव्हते. तिने दोघांनाही पुन्हा पंपावर उभे केले आणि पंपाचा दांडा किती वेळा खाली जातो ते मोजले. गोमाजींना पाच हिसके लागले. तेजरामला चौदा.

पाणी दबत नाही. मग तेजरामच्या जास्तीच्या नऊ हिसक्यांचे पाणी शिरले कुठे? आत दबणारे काहीतरी होते, आणि ती हवाच असणार. काट्याचे कोडे बाजूला राहिले. तिला छताच्या पत्र्यातले भोक दिसू लागले. पाण्याच्या बाकावर तेजराम नकळत थोडा हवेचाच बाक चालवत होता. पण मग गोमाजींच्या व्हॉल्व्हमधली हवा गेली कुठे?

बुधवारी सकाळी तिने ठरवले की आज माणसाच्या मागे जायचे नाही, व्हॉल्व्हच्या मागे जायचे. व्हॉल्व्ह गोदामातून निघाला आणि बाकाकडे न येता गोमाजींच्या खांद्यावरून कारखान्यामागच्या हौदावर गेला. तिथे ते उकिडवे बसले. खालच्या तोंडाला तबकडी लावलेलीच होती. वरून पाणी ओतून त्यांनी व्हॉल्व्ह उघडझाप करायच्या चाकाची बाजू खाली येईल असा तिरपा केला, अंगावर तळहाताने चार थापा मारल्या. बुडबुड, बुडबुड. पुन्हा पाणी, पुन्हा तिरपा. बुडबुडे थांबल्यावर तो काठोकाठ भरून उचलला.

"हे काय करून राहिले, गोमाजी?"

"धुऊन राहिलो."

"असं वाकडं करून?"

"घागर गळते का, कसं पाह्यतेत? पयले तिच्या पोटातला वारा काढा लागते. वारा राह्यला त तिथं पाणी लागत नाही, भोक असलं तरी दिसत नाही."

"हे मले काहून नाही सांगितलं?"

"पोरी, तू इचारलं, बाकावर काय करता. हा कुठं बाक आहे? हौद आहे."

वच्छला हौदाच्या काठावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या सूचनापत्रात नऊ कृती होत्या, आणि पहिली होती: 'व्हॉल्व्ह बाकावर ठेवावा.'

दुपारपर्यंत तेजराम हौदावर तिरपे करणे शिकला. पाच हिसके, काटा चोवीसवर. त्याने आणखी सहा व्हॉल्व्ह चढवले, कोणी न सांगता.

गुरुवारी गोमाजींनी चाचणी केली, मग तेजरामने. तिसरा माणूस म्हणून टेकचंदजी स्वतः हौदावर उतरले, आणि गुडघ्यापर्यंत भिजून, चोवीसवर थांबलेल्या काट्याकडे पाहत दहा मिनिटे उभे राहिले. कारखान्यात हे प्रथमच घडत होते. तपासनिसाने सही केली आणि विचारले, की आधीचे एकविसाचे आकडे कशामुळे येत होते?

वच्छलाने अहवालाच्या शेवटी लिहिले:

'कारण: बाकावर व्हॉल्व्हच्या चाकाचा दांडा आडवा असतो. वरून पाणी भरल्यास दांड्याभोवतीच्या पोकळीच्या वरच्या भागात हवा अडकते. दाब देताच ती आकसून तापते. पुढे निवते आणि तिचा काही अंश पाण्यात विरघळतो. त्यामुळे तिला लागणारी जागा कमी होते व गळती नसतानाही काटा उतरतो. श्री. गोमाजी व्हॉल्व्ह तिरपा करून ही हवा आधीच काढत होते.'