उतरलेली पट्टी

मित्रांनो, मी थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. बोलता बोलता माझा आवाज ओढल्यासारखा वाटला तर कंटाळू नका. हुनान प्रांताच्या पश्चिमेला, डोंगरांच्या बेचक्यात बसलेल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूल आहे. तिथल्या शिक्षकखोलीतल्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, तडा गेलेल्या पृथ्वीगोलाशेजारी पडलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मला कुणी ऐकत नाही. पण ऐकणे ही सेवा आहे असे मानणाऱ्या माणसांत माझा जन्म गेला, म्हणून तुम्ही ऐकाल अशी आशा करतो.

माझा जन्म दक्षिणेला, समुद्राजवळच्या कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका मुलीने माझे स्क्रू आवळले आणि शेवटी मोटरीवरून मोठ्या चाकावर एक काळी रबरी पट्टी चढवली. बांगडीएवढी पट्टी ती! मोटर पट्टीला फिरवते, पट्टी चाकाला, आणि चाक फितीला. मग फितीतला माणूस बोलू लागतो. या पट्टीला लक्षात ठेवा मित्रांनो. माझे पुण्य आणि माझे पाप, दोन्ही तिच्यातच आहे.

तिथून मी आगगाडीने आणि मग बसने, ओउयांग बाईंच्या मांडीवर बसून या शाळेत आलो. बाई शेवटच्या वर्षाला इंग्रजी शिकवत. जून महिन्यात कॉलेजच्या प्रवेशाची मोठी परीक्षा असते. त्या दिवशी गावातली बांधकामे थांबतात आणि बसवाले शाळेवरून जाताना भोंगा वाजवत नाहीत. का? तर इंग्रजीचा पेपर ऐकण्याने सुरू होतो. भिंतीवरच्या कर्ण्यातून संभाषणे ऐकू येतात आणि मुलांनी उत्तरांचे गोल काळे करायचे. ऐकण्याला तीस गुण, पुढे वाचनाला चाळीस. पहिली पाच संभाषणे तर एकदाच वाजतात. सुटले ते सुटले.

आमच्या मुलांचे डोळे तयार होते. छापलेला उतारा ती भाताच्या वाडग्यासारखी पुसून काढत. कानांचे मात्र हाल. त्यात आमच्या डोंगरात ‘न’ आणि ‘ल’ ही दोन अक्षरे एकाच घरात राहतात. कोण आत आहे आणि कोण बाहेर, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. माझ्या फितीतला साहेब ‘नाइट’ म्हणाला काय आणि ‘लाइट’ म्हणाला काय, मुलांना सारखेच. कुणी रात्री दिवा लावी, कुणी दिव्यात रात्र.

बाईंनी त्यावर एक युक्ती काढली. “नाक दाबा सगळ्यांनी. आता ‘न’ म्हणा. अडकतो की नाही? आता ‘ल’ म्हणा. सुटतो! जो नाकात अडकतो तो ‘न’. कानाला कळत नसेल तर नाकाला विचारा.”

साठ पोरे नाक दाबून ‘न न ल ल’ करत असताना हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले.

“ओउयांग बाई, कसला वास सुटलाय वर्गात?”

“इंग्रजीचा, सर,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, आणि सगळा वर्ग नाक सोडून हसला.

मी त्या वर्गात रोज बोललो. वर्षे गेली. बाईंच्या वर्गाचे गुण चढू लागले. दर महिन्याच्या चाचणीत ऐकण्याचे गुण आधी सतरा, मग वीस, मग चक्क सत्तावीस! हेडमास्तरांनी बाईंना लाल कागदावरचे प्रशस्तिपत्र दिले. बाईंच्या आईने माझ्यासाठी कशिदा काढलेली ओढणी शिवली. रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसले जाई. “हे मशीन पायगुणाचं आहे,” असे सगळे म्हणत.

मला काही जाणवत नव्हते का? थोडे जाणवत होते. फीत ओढताना पूर्वीसारखी उभारी वाटत नव्हती. पोटातली पट्टी ताणून ताणून सैल झाली होती, मोटरीवर घसरत होती. पण स्तुती फार गोड लागते मित्रांनो. मी गप्प राहिलो.

आणि मग जून आला. निकाल लागला. वर्गात माझ्या फितीवर सत्तावीस मिळवणाऱ्या मुलांना मोठ्या परीक्षेत ऐकण्यात बारा, दहा, साडेदहा मिळाले होते.

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलांना समोर बसवून म्हणाल्या, “तुम्हाला सगळं येत होतं. तुम्ही घाबरलात. ऐन वेळी पाय कापले तुमचे.”

मुलांनी माना खाली घातल्या. मीही टेबलावर बसून ऐकत होतो.

त्यांतलीच एक शिआंग लिएनझी. वाचनात चाळीसपैकी अडतीस, ऐकण्यात बारा. थोड्या गुणांनी कॉलेज हुकले. तिच्या वडिलांनी डोंगर उतरून येऊन बाईंना सांगितले, “एक वर्ष अजून बसवतो. एकच. पुढच्या जूनला नाही जमलं तर तिच्या मामेबहिणीनं दक्षिणेत बुटाच्या कारखान्यात जागा धरून ठेवलीय.” ते फार बोलले नाहीत. आणलेली लाल मिरच्यांची माळ खिडकीला अडकवून परत गेले.

लिएनझी पुन्हा पहिल्या बाकावर बसली. माझ्या फितीवर तिला पुन्हा सत्तावीस मिळत, आणि त्याचेच तिला जास्त दुःख होई. “इथे येतं, तिथे येत नाही. म्हणजे खोट माझ्यातच आहे ना, बाई?”

“मन घट्ट कर,” बाई म्हणत. “भित्रेपणा सोड.” कधी वर्गासमोरही म्हणत.

आता आमच्या पेंगकाकांबद्दल सांगतो. ते शाळेचे फाटक सांभाळत. आडनाव पेंग, आणि दुपारच्या जेवणानंतर खुर्चीवर ते आडनावाला इमानाने जागत. पण तेच पेंगकाका देवळाच्या जत्रेत उभे राहिले की वेगळेच दिसत. बांबूच्या लांब नळीला कातडे लावलेला ढोल कुशीत घ्यायचा, बोटांनी वाजवायचा आणि धर्मकथा गाऊन सांगायची. हसवत हसवत आणायचे आणि नेमके शेवटच्या कडव्याला रडवायचे. त्यांची बहिऱ्या नावाड्याची कथा सगळ्या गावाला पाठ होती. देव नदीकाठी उभा राहून हाका मारतोय आणि नावाडी वल्ही मारण्यातच दंग. “वल्हं थांबव रे, वल्हं थांबव, हाक काठावर आली” हे पालुपद आले की म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसत.

त्या वसंतात तालुक्याच्या सांस्कृतिक केंद्रातल्या लोकांनी त्यांच्या चांगल्या यंत्रावर काकांची ही कथा भरून घेतली आणि एक फीत काकांना दिली. काकांकडे वाजवायला काही नव्हते. मे महिन्यातल्या एका दुपारी ते ढोल काखेत मारून शिक्षकखोलीत आले.

“बाई, तुमच्या मशीनला म्हणावं, आज इंग्रजीला सुट्टी दे. आज माणसाची भाषा ऐकव.”

लिएनझी वह्या द्यायला आली होती, तीही थांबली. बाईंनी माझी कळ दाबली. मी जीव ओतून गाऊ लागलो.

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हा कोण रेडा गातोय?”

“काका, तुम्हीच गाताय!”

“मी? हॅ! मला काय सर्दी झाली होती?”

“आपला आवाज आपल्याला असाच परका वाटतो हो,” बाई हसून म्हणाल्या.

“माझा आवाज वाटेल परका. पण ढोल?” काकांनी कुशीतल्या ढोलावर बोटे मारली आणि कान माझ्याजवळ आणला. पुन्हा बोटे मारली. “ऐका. फितीतला ढोल हाच आहे. चाळीस वर्षं याच पट्टीत गातोय मी. आणि हे पाहा, अख्खा सूर खाली! पट्टी उतरलीय, बाई. मी नाही दमलो, तुमचं मशीन दमलंय.”

बाईंचे हसू ओठांवरच राहिले. त्यांनी काकांची फीत काढली आणि परीक्षेची फीत घातली. वेष्टनावर छापले होते, वीस मिनिटे. बाईंनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. तिघेही त्या काट्याकडे बघत बसले. वीस मिनिटे झाली, माझ्यातला साहेब अजून बोलतच होता. एकवीस झाली. शेवटचा शब्द संपला तेव्हा बावीस मिनिटे पुरी झाली होती.

मित्रांनो, यंत्राला तोंड लपवता येत नाही.

लिएनझीच बोलली आधी. “बाई, म्हणजे परीक्षेत ती माणसं भराभर बोलत नव्हती?”

“नाही गं.”

“आपणच सावकाश ऐकत होतो?”

“हो.”

“मग... मी घाबरले नव्हते.”

बाईंनी मानेनेच ‘नाही’ म्हटले. मग बाई खुर्चीतून उठल्या. आमच्याकडे शिक्षक आला की विद्यार्थ्याने उठायचे असते, शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी नाही. “लिएनझी, वर्षभर मी तुला भित्री म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. चूक माझी होती. उद्या सगळ्यांसमोरच सांगेन.”

पोरगी रडायला लागली. काका घसा खाकरून म्हणाले, “आणि या मशीनला कोपऱ्यात तोंड करून उभं करा. सगळ्या पापाचं मूळ तेच.”

त्यांनी थट्टा केली, पण मला ती अजून लागते.

माझ्या मापाची पट्टी गावात मिळेना. शहरातून मागवायची तर परीक्षेला उरले होते तेवीस दिवस. काकांनी आपल्या सायकलची जुनी ट्यूब काढली आणि तिची बांगडीसारखी कडी कापली. पहिले कडे चढवले, मी थरथरलो. दुसऱ्याने मी असा पळालो की काका ओरडले, “अरे, हा तर कोंबडा झाला!” तिसरे त्यांनी वस्तऱ्याने तासून तासून चढवले, स्वतःची फीत लावली आणि ढोल वाजवला. आतला ढोल आणि बाहेरचा ढोल एकमेकांत असे मिसळले की कुठला कुठला, कळेना. काकांनी डोळे मिटले. बाईंनी घड्याळ लावून परीक्षेची फीत वाजवली. वीस मिनिटे, बरोबर.

दुसऱ्या दिवशी वर्गात हाहाकार झाला. “बाई, ही माणसं बस पकडायला चाललीत का?” त्या चाचणीत ऐकण्याचे गुण धाडकन खाली आले. लिएनझीला साडेदहा मिळाले. हेडमास्तर कागद घेऊन धावत आले.

“पट्टी बदलली आणि गुण निम्मे झाले? मग जुनीच लावा ना! तालुक्याला आकडे पाठवायचेत मला.”

“सर, ते गुण जुन्या पट्टीचे होते,” बाई म्हणाल्या. “मुलांचे नव्हते.”

“वर काय सांगू मी?”

“ऐकू येतं तेवढं सांगा.”

हेडमास्तर रागावले. माझी कशिद्याची ओढणी त्याच दिवशी गेली. लाल प्रशस्तिपत्र बाईंनी स्वतःच उतरवले. पण बावीस दिवस बाई, ती पोरे आणि मी खऱ्या चालीने चाललो. लिएनझीची खोड अशी की ऐकलेला प्रत्येक शब्द मनात छापून मग वाचायची. एक वाचेपर्यंत पुढचे तीन निघून जायचे. तेव्हा बाई इंग्रजीच्या तासाला काकांचे पालुपद म्हणायच्या, “वल्हं थांबव, लिएनझी. हाक काठावर आलीय.” सगळ्या वर्गाची ती म्हणच झाली.

मोठ्या परीक्षेच्या दिवशी मला कुणी नेले नाही. तिथे भिंतीवरचा कर्णा बोलतो. मी शिक्षकखोलीच्या टेबलावर होतो. बाईंना परीक्षेच्या इमारतीत जायची परवानगी नव्हती, त्या माझ्याशेजारी बसून होत्या. खिडकीतून दिसत होते, पेंगकाका फाटकाबाहेर उभे राहून वांग्यांची गाडी घेऊन आलेल्या फेरीवाल्याला ओठांवर बोट ठेवून थांबवत होते. कर्णा बोलू लागला तेव्हा बाईंनी घड्याळ पाहिले. कर्णा थांबला तेव्हा पुन्हा पाहिले. वीस मिनिटे.

जूनच्या शेवटी शिक्षकखोलीतला फोन वाजला.

“कोण बोलतंय?”

“बाई, मी लिएनझी.”

बाई मुद्दाम म्हणाल्या, “कोण? निएनझी?”

“ल, बाई, ल! नाक दाबून सांगू?” मला सगळे ऐकू येत होते, पोरगी एवढ्या मोठ्याने बोलत होती. “वाचन अडतीस. ऐकणं चोवीस. सगळ्यात वरचं कॉलेज नाही मिळणार, पण मिळेल!”

बाईंनी फोन ठेवला आणि माझे झाकण हलकेच थोपटले.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण आदल्या वर्षी कॉलेज हुकलेली बाकीची मुले परत आली नव्हती. कुणी कारखान्यात, कुणी हॉटेलात भांडी घासत, आणि प्रत्येकाच्या मनात एकच, की आपण भित्रे निघालो. बाईंनी त्या सुट्टीत एकोणीस पत्रे लिहिली. सगळ्यांत मजकूर तोच होता: तुम्ही घाबरला नव्हता, आमचे मशीन दमले होते. उत्तरे तीनच आली. बाकीची पोहोचली की नाही, देव जाणे.

पुढे नवी यंत्रे आली, फितीच संपल्या. बाई निवृत्त झाल्या. काकांचा ढोल त्यांच्याबरोबर गेला. माझ्या पोटातले सायकलचे कडे आता वितळून चिकट झाले आहे. मला राग नाही. थकल्या जिवाला कपाट बरे वाटते.

फक्त एक मागणे आहे मित्रांनो. तुमच्या शाळेतले एखादे मूल चुकले, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी टेबलावरच्या यंत्राचे झाकण उघडून पाहा. आणि कधी कुणाला मी सापडलोच, तर पट्टी बदलून कळ दाबा. बाईंनी शेवटची लावलेली काकांची फीत अजून माझ्या पोटात आहे. पण ऐकण्याआधी शेजारी घड्याळ ठेवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.