नोकरीसोबतचं ताट

कोंडिरामच्या संशयी स्वभावाला घरचे कंटाळले होते आणि बाहेरचे हसत होते. दूधवाल्याने माप पुढे केलं की हा वाकून आधी त्याचा तळ बघायचा. बसमध्ये कुणी हसून जागा दिली की आधी खिसा चाचपायचा, मग बसायचा. पण हा संशय काही आभाळातून पडला नव्हता. परभणीकडचं गाव सोडून तो टपाल खात्यात लागला आणि भाईंदरला खोली शोधायला निघाला, तेव्हा एजंटांनी आधी नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव, आणि मग खोली कालच गेली असं सांगितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. कोंडिराम पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

त्याची पोरगी पंचशीला. बारावी झाली, टायपिंगच्या परीक्षा झाल्या, आणि वर्षभर ती नोकरीसाठी चपला झिजवत होती. प्रत्येक ऑफिसात टायपिंग बघून माणसं खूश व्हायची आणि नाव-गाव विचारून झालं की ‘कळवतो’ म्हणायची. कोंडिराम निवृत्तीला आला होता. पोरीला नोकरी लागली तर घर चालणार होतं. त्याहून मोठं म्हणजे, अलीकडे ती आरशात न बघताच वेणी घालायची, ते थांबणार होतं.

आणि आषाढी पौर्णिमेच्या दिवशी ती नोकरी घेऊनच घरी आली. भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी जितेंद्रभाई यांचं ऑफिस होतं. खाली ऑफिस, वर घर. सोमवारपासून या, म्हणाले. हिनेही तिथल्या तिथे हो म्हटलं.

कोंडिरामच्या बायकोने, कांताने, त्याच संध्याकाळी आळीत पेढे वाटले. कोंडिरामने मात्र पेढा हातात धरून पोरीची उलटतपासणी सुरू केली. टायपिंग करून घेतलं? नाही. आडनाव विचारलं? नाही. मग विचारलं काय? काहीच नाही, ती म्हणाली. नाव सांगितल्यावर शेठ हसले आणि ‘बहोत अच्छा नाम’ म्हणाले. त्यांची आई, बा, वरून नाश्ता घेऊन आली होती. हिने नको म्हटलं, आज पौर्णिमा, दुपारी बारानंतर मी काही खात नाही म्हणून सांगितलं. तर त्या म्हातारीने डोक्यावरून हात फिरवला. आणि डबा आणायचा नाही, ऑफिसातली सगळी माणसं दुपारी वरच्या स्वयंपाकघरात एका पंगतीला बसतात, असंही सांगितलं.

“हात फिरवला?” कोंडिरामने विचारलं. “आणि पंगतीला बसवणार? आपल्याला?”

नाव ऐकून उतरलेली तोंडं त्याने पुष्कळ पाहिली होती. नाव ऐकून उजळलेल्या तोंडाची गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता, आणि ती त्याच्या घशाखाली उतरेना. पेढाही उतरला नाही. तो त्याने कागदात गुंडाळून फळीवर ठेवला.

रात्रभर त्याने नाही नाही ते शोधून काढलं. शेठचा पोरीवर डोळा असेल. धंदा काळा असेल आणि सहीला साधीभोळी पोर हवी असेल. कांता म्हणाली, जगात एखादं माणूस नुसतं चांगलं असू शकतं की नाही? त्यावर कोंडिराम म्हणाला, असू शकतं, पण ते आपल्याच वाट्याला का यावं?

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि शेठच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. पोलिसाने गुन्हेगाराच्या घरावर ठेवावी तशी नजर ठेवली. माल येत होता, जात होता. शेठ स्वतः दारात उभा राहून हमालांना पाणी देत होता. कोंडिरामला त्याचाही संशय आला. शेवटी ऑफिसातला शिपाई राघो चहा प्यायला आला. तो जवळच्याच मोरवा गावचा, बोलायला मोकळा. कोंडिरामने चहा पाजला आणि नवी टायपिस्ट येणार म्हणे, असं सहज विचारलं.

“व्हय तर,” राघो म्हणाला. “शेटची आय लय खूश हाय. पांढरं लुगडं नेसून आलती, दुपारनंतर तोंडात कायपन टाकत न्हाय, नावात शील हाय. म्हातारी म्हनते, आपल्या जैनांतलीच पोरगी हाय, आपला पावसाळ्याचा चौमासाबी पाळते. चांगल्या घरची हाय.”

कोंडिरामचा चहा हातातच राहिला. पौर्णिमेचं उपोसथाचं बौद्ध व्रत पोरीने धरलं होतं, पांढरी साडी विहारातून तशीच नेसून गेली होती, आणि त्या लोकांनी तिला आपल्यातली समजून पोटाशी धरलं होतं. संशय खरा निघाला की त्याला एरवी बरं वाटायचं. या वेळी तो उरलेला चहा टाकून घरी निघाला.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. कांता म्हणाली, गप्प बसावं. त्यांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही, यात खोटं कुठे आहे? पोरीने दुपारचं वरण-भात खावं आणि टायपिंग करावं. पंचशीला मात्र म्हणाली की ज्या दिवशी विहारात खोटं न बोलण्यासकट आठ शीलं घेतली, त्याच दिवसाच्या गैरसमजावर रोज जेवायचं, हे तिला जमायचं नाही. ती सांगणार होती. तिला खात्री होती की बा हसतील. तो हात तिच्या डोक्यावर फिरला होता, कोंडिरामच्या नव्हे.

सोमवारी ती आकाशी साडी नेसून निघाली. आरशात बघून वेणी घातली होती. कोंडिराम पुन्हा रजा टाकून तिच्यामागे गेला आणि ऑफिसच्या दाराशी उभा राहिला.

तिने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं. “शेठ, तुमचा काही गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. आम्ही जैन नाही. आम्ही बौद्ध आहोत.”

शेठ ‘मतलब’ म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं. कोंडिरामला ते पुढचं तोंडपाठ होतं. शेठ वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. त्याने जिन्याकडे पाहिलं, कपाळ पुसलं, आणि तो अगदी हळू आवाजात बोलला.

“काम तुम्हारा है, टेबल तुम्हारा है, पगार भी वही. सिर्फ खाने का... बा की रसोई है, चौमासा है. तुम अपना डिब्बा लाना. पीछे गोडाऊन में पंखा है, उधर आराम से बैठना.”

जिन्यावर बा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पंचशीलाने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीने पदर सावरला आणि ती पाठमोरी होऊन वर गेली.

पंचशीलाने टाइपरायटरवर झाकण घातलं. मग म्हणाली, “पहिल्याच दिवशी डबा आण म्हणाला असतात, तर रोज आणला असता शेठ. गोडाऊनमध्येही बसले असते. पण जेवायला बोलावून ताटावरून उठवलंत. मी येणार नाही.”

तू हो म्हणालीस म्हणून मी बाकीच्या मुलींना नकार कळवला, असं शेठ म्हणाला. ती म्हणाली, हो तर तुम्हीही म्हणाला होतात.

बापलेक घराच्या रस्त्याला लागले. रेल्वेच्या फाटकापाशी ती थांबली. “बाबा, तुमचा संशय खरा ठरला.”

“जळो तो संशय,” कोंडिराम म्हणाला. “एवढा एकदा तरी खोटा ठरायला पाहिजे होता.” आणि भर रस्त्यात त्याचे डोळे भरून आले.

घरी कांताने दोघांची तोंडं पाहिली आणि ताटं वाढायला घेतली. पोरगी बाहेर जेवणार म्हणून तिने दोघांपुरताच भात लावला होता. कोंडिरामने आपलं ताट पंचशीलापुढे सरकवलं. फळीवरचा पेढा काढून त्यात ठेवला आणि स्वतः समोर भिंतीला टेकून बसला.

“जेव,” तो म्हणाला. “पोट भरल्याशिवाय उठायचं नाही.”